न शिकविण्याची शपथ

श्रोतेजनहो, क्षणभर चित्त इकडे द्या! आज एक प्रश्न पांडुरंगाच्या पायाशी ठेवतो आणि उत्तर मिळेपर्यंत त्यालाही सोडत नाही, तुम्हालाही सोडत नाही. प्रश्न असा आहे. दिलेला शब्द पाळणे हा धर्म, हे तर सर्वमान्य आहे. परंतु तो शब्द पाळण्यासाठी नुसते गप्प बसावे लागले, आणि त्या गप्प बसण्याने दुसऱ्याचे रक्त सांडले — तर त्या मनुष्याने धर्म केला की अधर्म?

माना डोलावू नका! मान डोलावणे फार स्वस्त आहे. ते पाहा, खांबाला टेकलेले आमचे सरपंच डोळे मिटूनच डोलत आहेत — ही समाधी की भंडाऱ्यातली बुंदी, ते विठ्ठल जाणे! हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखे फारसे काही नाही.

तर मंडळी, ऐका! एका औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग तयार करणारा एक कारखाना होता. त्याचे नाव सांगत नाही. नाव सांगितले की तुम्ही आख्यान सोडून मालकाचे पाहुणे शोधू लागाल. त्या कारखान्यात भागुजी कोळेकर नावाचे एक गृहस्थ प्रेस चालवीत. प्रेस म्हणजे काय? खाली साचा, वर लोखंडाचा अवजड ठोकळा. मध्ये पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे — की ठोकळा खाली येतो, धाड! पत्र्याला आकार येतो. आणि मध्ये हात राहिला, तर हातालाही आकार येतो.

भागुजींचे केस त्या धाड-धाडीतच पांढरे झाले. ते स्वतः कसे शिकले? एका वस्तादाच्या हाताखाली वर्षभर नुसता पत्रा उचलून देत होते. पेडलला पाय लावण्याची आज्ञा नव्हती! आधी डोळा शिकला, मग कान शिकला, सर्वांत शेवटी हात शिकला.

परंतु काळ पालटला. शिक्षणाचे नवे धोरण आले — शिका आणि कमवा! वाक्य किती गोड! एका कॉलेजशी कारखान्याचा करार झाला. बारावी झालेली मुले-मुली सहा दिवस यंत्रावर उभी राहू लागली, सातव्या दिवशी वर्ग. त्यांना पगार नाही, विद्यावेतन. कारण ती कामगार नव्हेत, विद्यार्थी! आणि शिकविणार कोण? कायम कामगारांनी शिकवावे, असा हुकूम. म्हणजे काय झाले? ज्याला आपली जागा द्यायची, त्याला आपणच तयार करायचे. सांगा बरे, मंडळी — कोणाच्या घशाखाली उतरेल हा घास?

उतरला नाही! युनियनचा पुढारी जालिंदर मिसाळ याने सर्वांना खंडोबाच्या देवळात बोलावले. माणूस वाईट नव्हता हो. लोकांची चूल विझू नये म्हणून तळमळत होता. म्हणाला, "दादांनो, ही पोरं एकदा शिकली की आपल्याला गेटाबाहेर काढायला किती वेळ लागणार? म्हणून आजपासून शिकवणी बंद. कुणी एक अक्षर सांगायचं नाही. उचला बेलभंडारा!"

बेलभंडारा उचलणे म्हणजे देवाला जामीन ठेवणे. एकामागून एकाने बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा हाती घेतला. भागुजींनीही घेतला. त्या वेळी त्यात काही वावगे वाटलेच नाही ना!

आता प्रशिक्षणार्थींमध्ये सुवर्णा भिसे म्हणून एक मुलगी होती. आई मोलमजुरी करणारी, वडील हयात नाहीत. तिला नेमके भागुजींच्या शेजारच्या प्रेसवर उभे केले. त्या प्रेसचा एक दोष होता. दुपारनंतर यंत्र तापले की पेडल न दाबताच ठोकळा दुसऱ्यांदा खाली यायचा. व्यवस्थापनाला किती वेळा सांगून झाले! दुरुस्ती करायची तर यंत्र थांबवावे लागेल, यंत्र थांबले तर माल थांबेल — म्हणून उद्या, परवा, पुढच्या महिन्यात. जुन्या माणसांनी आपला उपाय शोधला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या प्रेसमध्ये कोणी हात घालीत नसे. लांब दांड्याच्या चिमट्याने पत्रा काढीत. ही गोष्ट कोठे लिहिलेली नव्हती. एकाने दुसऱ्याला सांगायची, इतकेच.

आणि सांगणे तर बंद!

सुवर्णा हाताने पत्रा काढू लागली. भागुजींना ते दिसत होते. घरी गेल्यावर त्यांनी अर्ध्या भाकरीवरच ताट सरकवले, तेव्हा पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "काय झालंय ते तरी सांगा की."

"काही नाही. एक पोर हात घालून काम करतीय."

"मग सांगा तिला!"

"भंडारा उचललाय, यमुने."

त्या माउलीने ताटाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "देवानं कधीपासून पोरींचे हात मागायला सुरुवात केली?"

भागुजी ताटावरून उठले. मंडळी, घरच्या माणसाचे शहाणपण आपल्याला नेहमी भांडणासारखे ऐकू येते. येते ना? बायकांकडून हुंकार आला — पुरुष मंडळी मात्र एकदम शांत!

पुढे एका दुपारी त्या प्रेसमधून खर्र असा आवाज येऊ लागला. यंत्र तापले होते. सुवर्णा थांबली, आणि कपाळावरचा घाम पुसून भागुजींकडे वळली.

"मामा, ह्याचा आवाज असा का येतोय? असाच येतो का?"

श्रोतेजनहो, आता सगळे ब्रह्मांड त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबले आहे! दोन शब्द पुरेसे होते — चिमटा घे. भागुजींच्या ओठांपर्यंत आलेही. पलीकडून एका सोबत्याने खाकरून दाखविले. भागुजींनी मान फिरवली आणि म्हणाले, "मला काय विचारतीस? तुझ्या कॉलेजवाल्यांना विचार."

ती ओशाळून हसली. "बरं," म्हणाली. आणि पुन्हा कामाला लागली.

धाड!

आणि पेडल न दाबता — धाड!

उजव्या हाताची चार बोटे गेली, मंडळी. चार.

मग काय झाले? जो तो आपले अंग काढून घेऊ लागला. कारखाना म्हणाला, ती आमची कामगार नव्हेच, विद्यार्थिनी आहे. कॉलेज म्हणाले, अपघात तुमच्या कारखान्यात झाला, आमच्या वर्गात नव्हे. आणि जालिंदर? तो भागुजींच्या कानाशी येऊन म्हणाला, "नाना, वाईट झालं. पण आता आपली बाजू भक्कम झाली बघा. कच्ची पोरं यंत्रावर घातली की असं होतं, हे सरकारला दिसलं."

एका मुलीचा हात गेला, आणि जो तो त्यात आपलीच बाजू पाहत होता!

भागुजी इस्पितळात गेले. आई खाटेपाशी बसलेली. तिने विचारले, "पावनं, तुम्ही तिथलंच का? माझ्या लेकीला शिकवायला कुणीच न्हवतं का हो तिथं?"

सुवर्णा म्हणाली, "आई, हे मामा माझ्या शेजारीच असतात." मग तिने भागुजींकडे पाहिले. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, बाळ."

ती रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "मी विचारलं होतं की तुम्हाला." आणि भिंतीकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना सुरू होताच भागुजींनी सगळ्या प्रशिक्षणार्थींना भोवती गोळा केले. कोणते यंत्र कसे दगा देते, कोठे चिमटा, कोठे नुसता कान — जे जे ठाऊक होते ते खणखणीत आवाजात सांगू लागले. जालिंदर धावत आला.

"नाना! भंडारा उचललाय तुम्ही!"

"उचललाय. देवाचा कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. दुसरी बोटं गेली तर ती तू आणून देणार आहेस का?"

आता तुम्हाला वाटेल, खंडोबा प्रसन्न झाला, मुलीचा हात पूर्ववत झाला, मालकाला उपरती झाली! सांगायला मलाही आवडले असते. परंतु तसे झाले नाही, मंडळी. मुले नीट शिकली. माल वेळेवर निघू लागला. आणि जालिंदर म्हणाला होता, अगदी तसेच घडले! कायम कामगारांना एकेक करून घरी बसविले. भागुजींनाही. वस्तीत त्यांच्याशी कोणी बोलेना. यमुनाबाईंनी हळदीकुंकू मांडले, तर उंबरठा ओलांडून एकही बाई आली नाही. सुवर्णाच्या गावीही भागुजी जाऊन आले. आईने पाणी दिले. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिने का यावे?

म्हणजे शपथ पाळली तेव्हा एकीचा हात गेला, आणि शपथ मोडली तेव्हा सगळ्यांची भाकरी गेली. मग उत्तर काय? तुम्ही म्हणाल, महाराज, पाप मालकाचे! होय, मालकाचेच! यंत्र त्याचे, लोभ त्याचा, विद्यार्थी म्हणून राबविण्याची युक्ती त्याची. त्यात तिळमात्र शंका नाही. त्याच्याशी भांडलेच पाहिजे! परंतु त्या दुपारी त्या मुलीने मालकाला विचारले नव्हते. भागुजींना विचारले होते. भाकरी गेली त्याचा दोष भागुजींना लागत नाही. बोटांचा लागतो. ते स्वतः हेच म्हणत, आणि कोणी समजूत घालू लागले तर उठून जात.

आता तुमच्याकडे वळतो. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या शेजारी उद्या एखादा नवखा उभा राहणार आहे — दुकानात, कार्यालयात, शाळेत, कारखान्यात. तो तुमची जागा घ्यायला आला असेल. त्याला आणणाऱ्याशी जरूर लढा. मोर्चा काढा, गेटावर बसा! पण त्याचा हात जिथे जायला नको तिथे जात असेल, तर त्याने विचारण्याची वाट पाहू नका. सुवर्णाने तर विचारलेही होते!

टाळ उचला, मंडळी. गजर करायचा आहे. पण देवाचे नाव ओठांवर येण्याआधी, ज्याला तुम्ही ठाऊक असूनही मुद्दाम सांगितले नाही अशा एका माणसाचे नाव आठवा. मी थांबतो. आठवल्याशिवाय टाळ वाजवू नका.