जामसांवलीचा ताईत

सुधाकरचं रिमोटवालं हेलिकॉप्टर आठवते का रे कोणाले? त्याच्या मामानं कुवेतहून आणलं होतं. तेव्हा आपल्या सौंसरात टीव्हीच नवा होता, तर हे पाहाले अख्खा मोहल्ला जमे.

इंजिन बंद असलं का शेपटी रिमोटचं बरोबर ऐके. इंजिन सुरू केलं का शेपटी अशी झटके, जसा कोणी दुसराच रिमोट दाबून राहिला. सुधाकरनं सेल बदलले, एरियल घासली, पंखे खोलून पुन्हा बसवले.

मी म्हटलं, "नागपूरले दाखवू ना कोणाले."

तर म्हणे, "काहून? जमून राहिलं आता."

मोहगावच्या रस्त्यावर संत्र्याच्या बगीच्यात उडवलं. झाडाच्या वर गेलं, शेपटी झटकली अन् बगीच्याच्या कडेले धुऱ्यावरच्या दगडावर आदळलं.

उचलून पाहतो तर पोटाखाली तारेनं बांधलेला ताईत, जामसांवलीच्या मारुतीचा, तांब्याचा. इंजिन थरथरलं का तो लोखंडी सांगाड्यावर घासे, अन् त्यानं आतल्या रेडिओत खरखर होये. हेलिकॉप्टर त्या खरखरीलेच रिमोटचा हुकूम समजून राहिलं होतं!

सुधाकरनं ताईत गुपचूप खिशात टाकला. दुरुस्तीचं सामान इकडे कुठंच भेटत नव्हतं, अन् मामा पुन्हा कुवेतले गेलेच नाहीत. मले त्या मशीनीचं अजून वाईट वाटते.

घरी त्याच्या मायनं थैल्यातले तुकडे पाहिले अन् डोळ्याले पदर लावला.

"माह्यंच चुकलं बाप्पा," म्हणते, "एकच ताईत बांधला. दोन बांधाले पाहिजे होते."