लिफ्टच्या दारातली अकरा मिनिटं

आदरणीय अध्यक्ष मॅडम, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आपले लिफ्टमनकाका, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या काकू, आणि ड्यूटी सांभाळून किंवा चुकवून आलेल्या मित्रमैत्रिणींनो!

काकांबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. ज्युनिअर डॉक्टरला याहून जास्त बोलू देतं कोण?

जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणात मी दोनदा नापास झालो, हे सर्वांना ठाऊक आहेच. पहिल्या खेपेला पुतळ्याची नाडी मी इतका वेळ शोधली की शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आता मृत्यूचा दाखलाच लिहा." तिसऱ्या खेपेला पास झालो. सिस्टर दमल्या असाव्यात. तो पुतळा दर वेळी वर आणायचे काका, आणि मागच्या खुर्चीत बसून सगळा वर्ग ऐकायचे. चाळीसेक वेळा तरी ऐकला असेल.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराला, बाळंतीण लेकीचे कपडे घेऊन आलेले एक गृहस्थ तळमजल्यावर लिफ्टच्या दारातच कोसळले. मी धावलो आणि काय केलं? नाडी शोधू लागलो!

"डॉक्टर, श्वास नाहीये त्यांना! छाती दाबा!" काका ओरडले. दार मिटू नये म्हणून त्यांनी स्टूल आडवं घातलं, वॉचमनला शॉकचं मशीन आणायला पिटाळलं आणि मोजायला लागले. "कोपर ताठ! अजून जोरात! छाती वर येऊ द्या की!"

माझे हात भरून आले. "व्हा बाजूला," म्हणत ते स्वतः बसले. मशीन आलं, शॉक दिला. थोड्या वेळानं गृहस्थांनी हात हलवला आणि मला रडू फुटलं. आज ते घरी नातीला खेळवतायत.

नंतर याच सभागृहात जीव वाचवल्याबद्दल मला मानचिन्ह मिळालं. काकांनाही कागद मिळाला: लिफ्ट अकरा मिनिटं अडवून लोकांची गैरसोय केल्याबद्दल नोटीस.

मी तोंड लपवत त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "राहू द्या हो. माझे तीन महिने राहिलेत, तुमची सगळी नोकरी पुढे पडलीय." आणि मी खरंच राहू दिलं. समजूतदार माणूस भेटला की आपली केवढी सोय होते, नाही?

मॅडम, खरं काय घडलं ते लिहून सकाळी आपल्या टेबलावर ठेवलंय. ती नोटीस मागे घ्यावी, ही सर्वांदेखत विनंती. मानचिन्ह मघाशी काकूंना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, यावर तर तुमचं नाव आहे."

काका, तुमचे आभार कुठल्या तोंडानं मानू? आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तीन महिने गप्प बसलो, ते मात्र घालू नका.