शेपटीची लांबी

...आणि वर मेहुणे मलाच ऐकवतात, ‘तुम्हाला एवढंही कळू नये?’ अहो, काय कळू नये? तुम्हाला सांगतो, मी फक्त झाडलं होतं! घरामागची अडगळीची खोली, चार वर्षं बंद, सुट्टीच्या सकाळी मलाच काय हुक्की आली कोण जाणे, खराटा घेतला आणि कोपरान् कोपरा असा लख्ख केला, की म्हटलं बायको खूश होईल... ती आली, दारातच थबकली. "कोरडं झाडलंस?" ‘विष प्यायलास?’ असं विचारावं ना, तो सूर!

आता आमची बायको काय करते, तर रानउंदीर पकडते. नोकरीच आहे तिची. शेतांच्या कडेनं पिंजरे लावायचे, सापडलेला उंदीर तोलायचा, मोजायचा, थेंबभर रक्त काढायचं, माणसाला होणारा एखादा रोग अंगावर घेऊन फिरतोय का ते बघायचं, आणि निरोगी निघाला तर जिथे पकडला तिथेच सोडून द्यायचा. तेव्हा माझी शिकवणी सुरू... "अरे, त्या खोलीत रानातले उंदीर येतात. त्यांचं मूत, त्यांच्या लेंड्या वाळतात, खराटा फिरवला की धूळ उडते, ती छातीत जाते! आधी खिडक्या उघडायच्या, बाहेर थांबायचं, जंतुनाशकाचं पाणी शिंपडायचं, हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसायचं..." मी म्हटलं, मी फक्त झाडलं गं!

आणि बाराव्या दिवशी मला ताप भरला.

बायकोनं थेट सुया-नळ्यांची पेटी काढली. तुम्हाला सांगतो, ती शिकवणी घेते तेव्हा मला भीती वाटत नाही, तिनं पेटी काढली तेव्हा मात्र माझी तंतरली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा हात ठेवून तिनंच रक्त काढलं. दिवसाला तीस उंदरांचं काढते, सुई कधी चुकत नाही, माझ्या दंडात मात्र तिला शीर तिसऱ्या खेपेला सापडली. खरं सांगू? एवढ्या तापातही मला फार बरं वाटलं.

पण त्या घाबरगुंडीत बाईसाहेबांनी फॉर्म भरला तो रोजचाच, उंदरांचा! दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून कारकुनाचा फोन, मीच उचलला. "बेचाळीस नंबरच्या नमुन्याबद्दल विचारायचं होतं... वजन एक्याऐंशी हजार ग्रॅम लिहिलंय, बरोबर आहे का? आणि शेपटीची लांबी भरायची राहिलीय." म्हटलं, शेपटी नाहीये. "तुटली का? पिंजऱ्याच्या दारात अडकते कधीकधी." आता काय सांगणार... म्हटलं, लग्नाच्या आधीपासूनच नाही!

संध्याकाळी अहवाल आला. बायकोनं तीनदा वाचला, पदर डोळ्यांना लावला, मग माझ्याकडे बघून हसत सुटली ती थांबेचना. साधा ताप होता हो! आणि अहवालाच्या तळाशी नेहमीचा शिक्का... ‘निरोगी. जिथे पकडला तिथे सोडून द्यावा.’

तर मी फक्त झाडलं होतं, आणि ताप उतरल्याबरोबर बायकोनं हातमोजे, बादली आणि ओलं फडकं देऊन मला अडगळीच्या खोलीत सोडून दिलं.