बुवा पायरीखाली आले

हळर्णचे भजनीबुवा सप्ताहात देवळाबाहेर का गातात, विचारता? गोवा राज्य झालं, त्या वर्षी मी म्हापशाच्या एका बँडवाल्याकडून बास गिटारचा जुना अँप्लिफायर आणि कमरेएवढा स्पीकर घेतला. माझी गिटार घेऊन भजनाला साथ करायला गेलो, तर बुवांनी पायरीवरच अडवलं.

"लग्नात नाचवलेलं खोकं देवळात येणार नाही!"

मी ते पिंपळाखाली मांडलं, शेजारच्या दुकानातून वीज घेतली आणि तिथूनच साथ धरली. दुसऱ्या अभंगाला आतला भाड्याचा कर्णा जळाला. बुवांचा आवाज कुणाला ऐकू येईना. माणसं उठून माझ्याभोवती बसली.

बुवा पायरीवर आले. "अरे, ते आत घे, माझा माइक लाव त्याला."

"खोकं आत येणार नाही, बुवा. तुम्ही बाहेर या."

बुवा पेटी आणायला आत गेले.