हेडच्या कडेचे दोन घाव

उकळतं पाणी ह्यांच्या तोंडावर आलं तेव्हा मी जवळच रॉकेलच्या ट्रेपाशी बसले होते. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, रेडिएटरच्या टोपीवर ओलं पोतं टाकून ती अर्धी फिरवली, नेहमी फिरवायचे तशीच, आणि टोपी पोत्यासकट वर उडाली. ह्यांचा आवाज नाही आला. आवाज आला तो आमच्या मुलाचा, राजूचा, अण्णा, अण्णा म्हणून. मी पिंपातलं गार पाणी बादलीने ह्यांच्या अंगावर ओतलं, ओतत राहिले. राजू शर्ट ओढायला लागला, मी ओरडले, ओढू नको, कातडं येईल. थोडं आलंच.

माझं माहेर निफाडकडचं. चौथी शिकले, पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला, तिथं मुलीला कोण धाडतंय. लग्न होऊन नाशकात आले तर घर म्हणजे गॅरेजच्या मागची खोली. सासूने पहिल्याच आठवड्यात हातात तारेचा ब्रश दिला, म्हणाली, नुसती बसून राहू नको. तेव्हापासून इंजिनाचे सुटे भाग धुते. आवडतं का म्हणून कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही.

आमच्याकडे काम जुन्या गाड्यांचं, त्यातही अँबेसेडरचं जास्त. इंजिनाचं हेड म्हणजे वरचं झाकण समजा, पण त्यातच वॉल, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, बसतात, आणि त्याच्या पोटातून पाणी खेळतं. बाहेरून सगळी हेडं सारखीच दिसतात. ओतताना उठवलेले आकडे बघायचे, वॉलची तोंडं लहान की मोठी ते बघायचं, मग कळतं कुठल्या इंजिनाचं आहे. आणि हेड तापून वाकलं की मशीनवर तळ घासून सरळ करतात. एकदा घासलं की हे त्याच्या कडेला छिन्नीचा एक घाव घालायचे, पुन्हा घासलं की दुसरा. दोन घावांचं हेड पातळ झालेलं, तापलं की चिरायचं, ते गाडीला चढवायचं नाही, नुसतं नमुन्याला ठेवायचं. हे डोळ्यांनी बघायचेही नाहीत, कडेवरून अंगठा फिरवायचे.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, मांडणीवरची हेडं, सगळं मांडायचं. पूजेला लोखंड काळं दिसू नये म्हणून हे आदल्या दिवशी हेडांना रुपेरी रंग मारायचे. दर वर्षी, जुन्या रंगावर नवा. मग मी हळदकुंकू लावायची.

तर लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी आले, वडिलांची गाडी घेऊन. मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवायला लागले, म्हणाले, अण्णा, घाटात ट्रकवाले हॉर्न मारून पुढं जातात हो, लाज वाटते, काहीतरी करा. हे म्हणाले, शेठ, आधी गाडीचं वय बघा, मग तुमचं पोट बघा, मग घाटाचं बोला. ते हसले, पण हटले नाहीत. तेव्हा ठरलं, लहान वॉलचं हेड काढून मोठ्या वॉलचं चढवायचं. राजूने मांडणीवरून दोन उतरवली. ह्यांनी आकडे बघितले, एकावर अंगठा फिरवला, म्हणाले, हे लाव. राजूने तळ साफ केला, वॉल बसवले. बाहेरचा रंग कुणी काढला नाही, गिऱ्हाइकाला चकचकीत आवडतं.

बापलेक गाडी सिन्नरच्या घाटात चढवून आले. चढली म्हणे झकास, पण परत येताना इंजिन तापल्याचा काटा वर गेला. पाणी किती उरलंय बघायला ह्यांनी टोपीला हात घातला. इंजिन चालूच होतं. हेडला आतून चीर गेलेली, धुराचा सगळा दाब पाण्यात. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

दवाखान्यात ह्यांचे डोळे पट्टीखाली. बोलता यायचं थोडं, आणि बोलायचे ते एकच. मी अंगठा फिरवला ते हेड साफ होतं, ह्याने दुसरंच चढवलं. ह्याला माझ्यासमोर आणू नको. राजू दाराबाहेर बाकावर बसून ऐकायचा. मला म्हणाला, आई, दोन्ही टेबलावरच होती, चुकून दुसरं उचललं असेल गं मी. जेवायचा नाही. तिकडे बाप जातोय आणि इकडे पोरगा स्वतःला खातोय, काय सांगू तुम्हाला.

मी गॅरेजात गेले. गाडीतून काढलेलं चिरलेलं हेड पडलेलं होतं. टेबलावर दुसरं होतं त्याच्या कडेवरून आधी अंगठा फिरवला. एक घाव लगेच लागला, गेल्या पूजेनंतर घातलेला, रंग न भरलेला, म्हणजे ह्यांना साफ लागलेलं हेड ते नव्हतं. मग चिरलेल्याची कड खरवडली. रंगाचे पापुद्रे निघाले, खाली दोन घाव, रंगाने काठोकाठ बुजलेले. अंगठ्याला लागणार कसे?

नर्सबाई म्हणाली, आजी, आता त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. मी म्हटलं, बाहेर पोरगा बसलाय त्याला होतोय तो त्रास नाही का? आणि ह्यांना सांगितलं. दुसऱ्या हेडला घाव आहे, अंगठ्याला लागतो. राजूने तुम्ही दिलं तेच चढवलं, त्याचे दोन घाव रंगाखाली होते. रंग तुम्ही मारलेला.

   हे म्हणाले, आहे का तो बाहेर? मी म्हटलं, आहे. म्हणाले, बोलाव. राजू आत आला, उभा राहिला. हे म्हणाले, पाणी पाज. त्याने चमच्याने पाजलं, अर्धं गळ्यावर सांडलं. हे म्हणाले, सावकाश रे गाढवा. माफी वगैरे नाही मागितली, ह्यांच्या तोंडी तो शब्दच नव्हता. पण नंतर पाणी त्याच्याच हातचं घ्यायचे.

जखमा चिघळल्या. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, वाचणं अवघड आहे म्हणून.

राजू आता हेडच्या कामाला हात लावत नाही, ब्रेक आणि क्लच करतो. मी अजून भाग धुते. त्या दिवशी गॅरेजात आम्ही तिघं होतो. हे गेले. राजू आणि मी आहोत.