तुटकी कडी

(अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं एक छोटं कोर्ट. मार्चची दुपार, जेवणाची सुट्टी. ज्युरीच्या खोलीबाहेरचा बोळ, कॉफीची किटली. बाराजणांपैकी दोघं इथे आहेत: सत्तरीचा रॉयस, मेपलच्या झाडांचा मालक; आणि आर्डिथ, शाळेच्या बसची निवृत्त चालक.)

आर्डिथ – अहो, पण हे इथे बोळात कशाला? बोलायचं ते बाराजणांसमोर बोला. जजसाहेबांनी चारदा बजावलंय.

रॉयस – बोलतोय कुठे, विचारतोय. तुम्ही एक सोडा, आम्ही एक सोडतो.

आर्डिथ – झालं! भाजीबाजारच मांडलात.

रॉयस – आता असं बघा. पहिला आरोप, लायलनं मेपलच्या रसाचा पाक उकळायची स्वतःची शेड स्वतःच पेटवली. तुम्ही सातजण दोषी म्हणता, आम्ही पाचजण नाही म्हणतो. दुसरा आरोप, विम्याचा खोटा दावा केला. तिथंही तेच रडगाणं. बाराच्या बारा एक व्हायला हवेत, आणि तीन दिवस कोणी हलत नाही. तर पहिल्यातून पोराला सोडू, दुसऱ्यात धरू. तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं.

आर्डिथ – ऐकायला वाईट नाही.

रॉयस – तुम्ही हो म्हणालात की बाकीचे सहा म्हणतीलच. तुमच्या तोंडाकडे बघतात सगळे.

आर्डिथ – लोणी लावू नका. तुम्हाला एवढी घाई कसली?

रॉयस – रात्री गोठतंय, दिवसा वितळतंय. झाडांना रस सुटलाय. घरी खोडांना टांगलेल्या बादल्या भरून वाहत असतील.

आर्डिथ – बादल्यांपायी माणूस तुरुंगात घालायचा?

रॉयस – घालायचा नाही, अर्धा वाचवायचा! पहिला आरोप तसा लंगडाच आहे. मागच्या दाराला धड कडी तरी कुठे होती? कोणीही आत शिरलं असतं.

आर्डिथ – थांबा. कडीचं कोण बोललं?

रॉयस – बोललं ना कोणीतरी. साक्षीदार.

आर्डिथ – कुठला? माझ्या वहीत सगळं आहे. आगीची तपासणी करणारा, शेजारीण, विम्याचा माणूस. एकाच्याही तोंडात कडी नाही.

रॉयस – मग फोटोत दिसली असेल.

आर्डिथ – फोटोत मागच्या भिंतीची राख होती, रॉयस. तीस वर्षं बस चालवलीय मी. मागच्या सीटवर कोण थाप मारतंय, ते आरशात न बघता कळायचं. तुम्ही त्या शेडमध्ये गेला आहात.

रॉयस – कॉफी घेता का आणखी?

आर्डिथ – त्याची झाडं हवीत का तुम्हाला? पोरगा आत गेला की कुंपण सरकवायचं?

रॉयस – तोंड सांभाळा! त्याच्या बापाबरोबर वीस हंगाम रस उकळलाय मी. ती कडी माझ्याच हातून तुटली, लाकडं आत घेताना. आज बसवू, उद्या बसवू, करत राहूनच गेली.

आर्डिथ – आणि ज्युरी निवडताना विचारलं, आरोपीला ओळखता का, तेव्हा?

रॉयस – म्हणालो, नाव ऐकून आहे. आई नाही, बाप नाही त्याला. वाटलं, ज्युरीत आपलं एक तरी माणूस असावं.

आर्डिथ – आपलं माणूस! आणि त्यालाच अर्धा बुडवायला निघालात?

रॉयस – पुरता बुडण्यापेक्षा बरं ना?

आर्डिथ – अहो, त्यानं आग लावलीच नसेल, तर विम्याचा दावा खोटा कसा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रॉयस – ...हे नव्हतं माझ्या डोक्यात आलं.

आर्डिथ – माझ्या तरी कुठे? मघाशी मी ‘चालेल’ म्हणणारच होते. तेच आता टोचतंय मला. तीन दिवस छातीठोकपणे दोषी म्हणत होते, आणि कॉफीच्या एका कपावर सोडायला तयार झाले. ज्याची खात्री असते ते कोणी असं बदल्यात देत नाही. मला खात्री नव्हतीच, रॉयस. नुसता हट्ट होता.

रॉयस – मग आता?

आर्डिथ – आता कागद घ्या आणि जजसाहेबांना लिहा. ओळख लपवली म्हणून. तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन.

रॉयस – मला काढतील.

आर्डिथ – काढू देत. तुमच्या जागी राखीव ज्युरर बाईंना बसवतील, सगळं पहिल्यापासून बोलू. हं, हे घ्या माझं पेन.

बेलिफ (कोर्टाचा शिपाई, दारातून) – मंडळी, जेवण झालं सगळ्यांचं. चला आत.

रॉयस – ही चिठ्ठी जजसाहेबांना द्या. आत्ताच.

बेलिफ – बरं. मग इथेच थांबा. आणि आपापसात बोलू नका.

रॉयस – आर्डिथ... मी गेलो की पोराच्या बाजूला चारच उरतात. तुमच्यासमोर ते टिकायचे नाहीत हो.

आर्डिथ – माझ्यासमोर कशाला? त्यांच्याच बाजूला बसणार आहे मी. दोन्ही आरोपांना.

रॉयस – त्या कडीमुळे?

आर्डिथ – कुठली कडी? माझ्या वहीत तर नाही.