तात्यांच्या चिठ्ठीतला अर्धा तास

जमलेल्या सगळ्यांनो, मी मान हलवली त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोंडातून शब्द काढला नव्हता. नुसती मान हलवली होती. कुणापुढं आणि कशासाठी, ते सांगायलाच आज उभा आहे. या शोकसभेत साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, 'तात्यांबद्दल दोन शब्द बोल' म्हणून. दोन शब्दांत बसणारं नाही. सांभाळून घ्या.

आपले ज्ञानू तात्या सावंत. कडेगावकडचे. सैन्यात तारा-संदेश धाडणाऱ्या सिग्नल पलटणीत सुभेदार होते, एकाहत्तरच्या लढाईनंतर निवृत्त होऊन आपल्या या सातारच्या कचेरीत आले. धरणाच्या आसपास आपली पाच ठाणी आहेत. जमीन हलली की तिथल्या कागदावर सुई रेघ मारते, आणि कोणत्या क्षणाला हलली ते ठाण्यावरचा माणूस चिठ्ठीवर लिहितो. त्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, तपासायच्या, हे तात्यांचं काम. त्याच चिठ्ठ्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या आणि पुण्याच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायचा, हे माझं.

मी कोण, हे नव्या लोकांना माहीत नसेल. सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका मास्तरांशी भांडण झालं, प्रयोगवही त्यांच्या टेबलावरच फाडली आणि घरी आलो. असला मी. सहा महिने वडील माझ्याशी बोलले नाहीत. मला इथं आणलं तात्यांनी. साहेबांना म्हणाले होते, "पोरगं तापट हाय, पर डोकं हाय. ठिवून तर बघा."

आता घड्याळाचं सांगतो. आपल्या खालच्या तीन ठाण्यांवर ग्रीनिचची, म्हणजे विलायतेतली वेळ लावतात. वरच्या दोन ठाण्यांवरची माणसं रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावतात, म्हणजे आपली भारतीय वेळ. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक. हे तात्यांना जितकं कळत होतं तितकं कचेरीत कुणालाच कळत नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीवर वेळेपुढं ते लाल पेन्सिलीनं खूण करायचे, ही आपली, ही ग्रीनिचची. मी वैतागायचो. ते म्हणायचे, "आमच्यात वेळ लिवली आन् फुडं कुणाच्या घड्याळातली ते न्हाई लिवलं, तर कॅप्टन संदेश फाडून हातात द्यायचा. धा वाजले म्हंजी कुटं वाजले गड्या? दिल्लीत का इलायतेत?"

वरच्या दोन ठाण्यांच्या वेळेतून साडेपाच तास वजा करून सगळ्या वेळा ग्रीनिचच्या करायच्या, असा प्रोग्रॅम मी लिहिला. एका परदेशी पुस्तकातला नमुना समोर ठेवून लिहिला. त्या नमुन्यात वेळेचा फरक ठेवायला जी जागा होती, तिच्यात फक्त पूर्ण आकडा मावत होता. त्यांच्याकडं फरक पूर्ण तासांचेच असतील, त्यांचं भागत असेल. मी त्या जागेत साडेपाच घातले. कॉम्प्युटरनं पाच ठेवले. अर्धा तास टाकून दिला आणि तक्रार केली नाही. आणि मी तपासलं नाही. का तपासलं नाही, तेही सांगतो. त्या दिवशी मला वाईची गाडी गाठायची होती.

वाईच्या शाळेत तात्यांची मुलगी शिकवते. सुमन. ती इथं पुढंच बसली आहे. तात्यांचा डबा, तात्यांचं औषध, काही ना काही निमित्त काढून मी वाईला जात होतो. हे सगळ्यांसमोर बोलायची मला लाज वाटते. पण अर्धं सांगून अर्धं गाळायचं, हे मी एकदा करून बसलोय.

पुण्याहून छापील यादी आली. यादीत काय होतं? प्रत्येक धक्क्यामागं बरोबर अर्ध्या तासानं दुसरा धक्का. एकदा नाही, प्रत्येक वेळी. खालच्या तीन ठाण्यांचा एक, वरच्या दोन ठाण्यांचा दुसरा. मंडळी, मला वाटलं मी शोध लावला. साहेबांकडं धावत गेलो. वाईला जाऊन सुमनला सांगितलं, जगात हे कुणाला माहीत नाही. ती हसली आणि म्हणाली, "मग आता पेपरात फोटो येणार तुमचा?" त्या हसण्यावर मी महिनाभर जगलो.

साहेबांनी माझ्या भरवशावर धरणाखालच्या गावांना निरोप धाडला. धक्का बसला की अर्धा तास घरात शिरू नका, दुसरा येतो. ऐन थंडीत माणसं पोरंबाळं घेऊन अंगणात बसायची. तात्या चिठ्ठ्या आणायला गेले की बायका त्यांना धरायच्या. एकीनं विचारलं होतं, "आवं सुभेदार, तुमचा दुसरा कवा यायचा? चुलीवर भाकर करपली माजी." तात्या हे सांगताना हसले होते. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

म्हणाले, "हे दोन न्हाईत रं. एकच हाय. मोज की, दर बारीला तीसच मिंटं. जमिनीनं काय मनगटाला घड्याळ बांधलंय?"

मी म्हणालो, "तात्या, हा कॉम्प्युटर आहे. तुमच्या तारा मारण्यासारखं नाही हे."

"आसंल. मग तू त्येला काय सांगितलंस, त्यो कागद दाव."

मी कागद दाखवला नाही. वर म्हणालो, तुमचं आता वय झालं, तुम्ही लाल पेन्सिल सांभाळा. हे मी बोललो. ज्यांनी मला पोटापाण्याला लावलं, त्यांना बोललो.

ते निघून गेल्यावर मी कागद उघडला. कळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अर्धा तास कुठं गळाला ते दिसलं. मी गुपचूप प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि पुण्याला धाडला. कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांच्याही लक्षात आलं की दुसरा धक्का खरा नाही, वेळेतच अर्ध्या तासाची चूक आहे. साहेब, तुम्ही बसा. तुमचा दोष मी काढत नाही. तुम्ही आम्हा दोघांना बोलावलंत आणि म्हणालात, वेळा तपासताना तात्यांकडून अर्धा तास राहिला असणार. मी कपाटाजवळ उभा होतो. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघितली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "आसंल, सायेब."

तात्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. फाईलवर शेरा आला, वयोमानामुळं चुका होतात. पुढची यादी आली ती अगदी बिनचूक आली. सगळे म्हणाले, बघा, तात्या हलले आणि चुका थांबल्या. माझी दुरुस्तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. तरी मी गप्प.

आणि मग वाई. सुमन मला म्हणाली, "तात्यांना आता नीट दिसत नाही वाटतं. मी त्यांना सांगते, नोकरी सोडा. तुम्हाला काय वाटतं?" तिथं मी मान हलवली. हो म्हणून. सुमन, तुमचे वडील चुकले, हे तुम्ही माझ्या त्या मान हलवण्यावरून धरून चाललात. त्यांना तुम्ही डोळे तपासायला घेऊन गेलात. ते मुकाट्यानं आले. डॉक्टर म्हणाले नजर चांगली आहे, तरी तुमची शंका गेली नाही, कारण माझ्यावर विश्वास होता.

स्टँडसमोर चहा पिताना मी तात्यांना एकदाच विचारलं, तुम्ही का बोलला नाही? म्हणाले, "मी बोललो तर ते गाऱ्हाणं हुतं. तू बोललास तर रिपोट हुतो. मला गाऱ्हाणं करायची सवं न्हाई." बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मी हाय अजून दोन-चार वर्सं. तुजं तू ठरीव."

त्यानंतर दोन महिनेसुद्धा राहिले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. हृदयच असेल. ते या दुःखानं गेले असं मी म्हणणार नाही, ते म्हणणंसुद्धा स्वतःला मोठं करून घेणं होईल. पण गेले ते चुका करणारा माणूस म्हणून गेले. ज्या माणसानं आयुष्यात एक वेळ बिनखुणेची लिहिली नाही, त्याच्या नावावर अर्ध्या तासाची चूक लिहून तुम्ही आम्ही त्याला खांदा दिला. आज इथं तीन जण बोलले. तिघंही म्हणाले, शेवटी शेवटी थोडं चुकायचे, पण माणूस देव होता. मला ते ऐकवलं नाही. नाही चुकायचे. एकदाही नाही.

साहेब, हा प्रोग्रॅमचा जुना कागद. ज्या ओळीत अर्धा तास गळाला तिच्याखाली मी रेघ मारली आहे. ही तात्यांच्या त्या महिन्याच्या चिठ्ठ्यांची थप्पी, प्रत्येकीवर लाल खूण आहे. कुणीही ताडून बघा. फाईलवरचा तो शेरा काढा आणि तिथं माझं नाव लिहा. आणि गावांना दिलेला तो निरोप अजून कुणी मागं घेतलेला नाही; नवा धाडा, तात्यांच्या नावानं धाडा, की दुसरा धक्का कधी नव्हताच. माझा राजीनामा याच कागदाखाली आहे.

सुमन, तुमच्याकडं मी काही मागत नाही. माफीसुद्धा नाही. मागितली, तर ती देणं तुमच्यावर ओझं होईल. एवढंच सांगतो, वडिलांविषयी जे जे मनातून पुसलं असेल, ते पुन्हा लिहा.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. त्या दोन मिनिटांत मी तुमच्यात उभा राहू शकत नाही, तेवढी माझी लायकी नाही. तात्या, सलाम. मी निघतो. कुणी मागं येऊ नका. दार मी बाहेरून ओढून घेतोय.